गोमा मिस्त्रीच्या वाळूच्या गोण्या

दांडीच्या खाडीकाठी गोमा मिस्त्रीने आजवर बत्तीस होड्या बांधल्या आणि बत्तीसही मालकांशी मनसोक्त भांडला. भांडणाशिवाय उतरलेली होडी त्याला अळणी वाटायची. मालक म्हणायचा, केबिन जरा मोठी करा. गोमा म्हणायचा, "तुला मासे मारायचे हायत का संसार थाटायचा हाय?" मालक म्हणायचा, इंजिन दणकट घेऊ. गोमा म्हणायचा, "घे. मंग बर्फ डोक्यावर घेऊन जा." तीस फुटांच्या होडीत एक वस्तू आत आली की दुसरीला सरकावं लागतं, एवढंच त्याचं शास्त्र, पण ते लोकांच्या गळी उतरवता उतरवता त्याची हयात गेली होती.

त्याचा बाप शिडाच्या होड्या बांधायचा. पुढे इंजिनं आली, तेव्हा लोकांनी ती जुन्या होड्यांत मिळेल तिथे कोंबली. गोमानेही ऐन तिशीत तेच केलं. एका मालकाच्या हट्टाखातर इंजिन पार मागे बसवलं आणि पुढे भार म्हणून काही ठेवलं नाही. पहिल्याच फेरीला होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, आभाळाकडे आणि मागून पाणी आत. माणसं धडधाकट परत आली, हे नशीब. पण चूक आपलीच होती, हे गोमा आजही लपवत नाही.

तेव्हापासून त्याने वाळूच्या गोण्यांचा रिवाज धरला. फळ्या ठोकून होडीचं नुसतं कवच तयार झालं की इंजिनाची बैठक ठोकण्याआधी तो उधाणाच्या पाण्यावर ती तरंगवायचा. इंजिनाच्या जागी वाळूच्या गोण्या, बर्फाच्या जागी गोण्या, जाळ्याच्या जागी खरं जाळं. मग घरातल्या आणि शेजारच्या माणसांना खलाशांच्या जागी बसवायचं आणि स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून नाळेवरची पांढरी रेघ पाण्याच्या किती वर आहे, ते बोटांनी मोजायचं. माणसांना तो पोती म्हणायचा. "ए पोत्या, हलू नको!" असं तो एकदा सरपंचालाही ओरडला होता.

यंदाची तेहेतिसावी होडी रामाची होती. रामा तांडेल म्हणजे गोमाचा लहानपणापासूनचा सोबती. त्याची जुनी होडीही गोमानेच बांधलेली, बावीस वर्षांपूर्वी, इंजिन बरोबर मधोमध. त्या होडीत मागे एक बुटकी फळी होती. तिच्यावर बसून, सुकाणूचा दांडा काखेत धरून रामाने बावीस वर्षं काढली. आता ती होडी कुजली होती आणि रामाचा उजवा गुडघा तिच्याही आधी गेला होता. बोईसरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, सपाटीवर चाला, चढउतार करू नका.

नव्या होडीचा नकाशा मात्र रामाच्या मुलाच्या, दर्पणच्या डोक्यात होता. दर्पणने सहा वर्षं कारखान्यात काढली, सरावलीला खोली घेऊन राहिला, आणि एक दिवस गाशा गुंडाळून समुद्राकडे परत आला. त्याला इंजिन मागे हवं होतं.

"काका, मासळी आता जवळ हाय कुठं? दोन-दोन दिवस लांब जावं लागतंय," तो म्हणाला. "मधे इंजिन ठेवलं का मासळीचा खण दोन ठिकाणी तुटतो. त्याच्या धगीनं बर्फ वितळतो. जाळं ओढताना चौघं त्याच्याच पेटीला अडखळतात. मागं नेलं तर मधला भाग सगळा मोकळा."

"मागं नेलं का होडी ढुंगणावर बसते," रामा म्हणाला. "मधेच बरं. होडी कशी पाण्यावर झोपल्यासारखी चालते."

"आन् पंख्यापर्यंतचा तो लांबलचक शाफ्ट जो खडखडतो, तो?"

"खडखडू दे. मला त्याची सवय हाय."

गोमा रंधा मारत ऐकत होता. पोराचं सोळा आणे खरं होतं, हे त्याला पहिल्या वाक्यातच कळलं. पण इंजिन मागे गेलं की त्याच्यावर अडीच फुटांची पेटी येते. तांडेलाला, म्हणजे सुकाणू धरणाऱ्याला, त्या पेटीवर चढून उभं राहावं लागतं, नाहीतर समोरचं दिसत नाही. हलत्या होडीत दिवसातून वीस वेळा चढायचं आणि वीस वेळा उतरायचं. म्हणजे इंजिन मागे, तर रामा घरी. हे रामाला ठाऊक होतं, दर्पणला ठाऊक होतं आणि दोघेही गुडघा हा शब्द सोडून बाकी सगळं बोलत होते. गोमाला त्या दोघांचा भारी राग आला. दोन दिवस त्याने कुणाशी धड भांडणसुद्धा केलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी रामाची बायको मंजुळा बाजारातून परतताना टोपलीसकट त्याच्या कामाच्या मांडवात येऊन बसली.

"गोमाभाऊ, इंजिन कुठं बसवताय?"

"होडी सांगेल तितं."

"होडीला काय तोंड हाय?" मंजुळा म्हणाली. "जुनी होडी ओढून ठेवली, तवापासून हे बाहेर येत नायत. सकाळी उठून भिंतीकडं तोंड करून बसतात. जेवायला हाक मारली तर म्हणतात, भूक कशानं लागेल? मला भीती वाटते हो." तिने पदराने डोळे पुसले. "तुमी मधे बसवा. पोरगा तुमचं ऐकंल."

गोमाने हातातलं काम थांबवलं. पण जिभेवर नेहमीचंच आलं. "वयनी, माणूस बघून मी इंजिन बसवत नाय. एकदा बसवलं होतं, ते पुरं झालं."

मंजुळा टोपली उचलून गेली. त्यानंतर गोमाने एक खिळा वाकडा मारला, दुसराही वाकडा मारला आणि हातोडा खाली ठेवला.

अमावास्येच्या उधाणाला होडी पाण्यावर आली. किनाऱ्यावर निम्मी आळी जमली होती. आधी गोण्या मधे रचल्या. मागच्या फळीवर रामा बसला, मधे दर्पण आणि चार शेजारी. होडी अगदी सपाट राहिली. रामाचा चेहरा उजळला. पण त्या चार पोत्यांना जाळ्यासकट बसायला जागा पुरेना, आणि बर्फाच्या गोण्यांतल्या निम्म्या काठावरच राहिल्या.  रामाने ते पाहिलं आणि मान खाली घातली.

मग गोण्या मागे नेल्या. मधला भाग अंगणासारखा मोकळा झाला. उरलेल्या बर्फाच्या गोण्या सहज मावल्या, जाळं पसरलं, चौघे ऐसपैस उभे राहिले. गोमाने नाळेवरच्या रेघेखाली बोटं धरली. नाळ हवी त्यापेक्षा चार बोटं वर होती.

यावरचा इलाज गोमाला झोपेतही सांगता आला असता. नाळेच्या पोटात दोन गोण्यांचा भार कायमचा टाकायचा. अशा वेळेसाठी दोन जास्तीच्या गोण्या तो भरूनच आणायचा, आणि त्या आत्ताही काठावर तयार होत्या. मागच्या वर्षी ललित नावाच्या मालकाच्या होडीत त्याने तेच केलं होतं, तेव्हा दर्पण स्वतः हाताशी होता.

गोमा पाण्यात उभा राहिला तो उभाच राहिला. मग त्याने घसा खाकरला.

"रामा, ऊठ. फुडं जाऊन बस. दर्पण, तू सुकाणू धर."

"फुडं? फुडं कशाला?"

"पोत्यानं इचारायचं नसतं."

रामा उठला. मधे चढायला काही नव्हतं, ओलांडायला काही नव्हतं. नव्या मोकळ्या फळ्यांवरून तो पाय ओढत, होडीच्या कडेला धरत सरळ नाळेपर्यंत गेला आणि तिथल्या आडव्या फळीवर टेकला. होडीने नाळ हळूच खाली घेतली. पांढरी रेघ पाण्याला लागली.

"बस्स!" गोमा ओरडला. "हितं माणूस पायजे. कायमचा. माणूस नसंल तर इंजिन मागं मी बसवणार नाय, दुसरा मिस्त्री बघा."

"आन् हितं बसून मी करू काय? आरती?" रामाने विचारलं, पण त्याचा आवाज बदलला होता.

"मागच्याला फुडचं पाणी दिसतं का धड? परक्यांची जाळी आडवी येतात, ती कोण बघंल? पंख्यात एक दोर गुंतला का समजेल. चाळीस वर्षं समुद्र बघितलास, तो आता भिंतीत बघतोस व्हय?"

 रामाने कपाळावर आडवा हात धरला आणि खाडीच्या तोंडाकडे पाहू लागला, जणू आत्ताच जाळी आडवी येणार होती. काठावर मंजुळा तोंडाला पदर लावून उभी होती.

गोमा पाण्याबाहेर आला तेव्हा त्याचे कान तापले होते. जे सांगितलं, त्यात खोटं काही नव्हतं. नाळेवर नजर ठेवणारा माणूस लागतो, तो कुठल्याही होडीत लागतोच. पण भाराची गोष्ट दोन गोण्यांनी भागली असती, आणि होडीच्या बाबतीत निम्मं बोलून थांबण्याची ही त्याची पहिलीच वेळ होती.

होडी काठाला लागली. रामाला हात देऊन उतरवल्यावर दर्पण त्या दोन गोण्यांपाशी येऊन उभा राहिला. त्यांच्याकडे पाहिलं, मग गोमाकडे पाहिलं. गोमा उगाचच टेप गुंडाळू लागला.

"काका, या दोन कशाच्या?"

"उरल्या."

दर्पणने वाकून एका गोणीचं तोंड सोडलं आणि ती खाडीच्या वाळूत उपडी केली. मग दुसरी. दोन्ही रिकाम्या गोण्या झटकून त्याने त्यांची घडी घातली आणि गोमाच्या हातात दिली.

"नाळेवरची फळी जरा रुंद करा, काका," तो हळू आवाजात म्हणाला. "बाबांचा गुडघा दुमडत नाय. त्यांना पाय लांब करून बसावं लागतं."