चाळीस फोटो, पंचाण्णव वॉट

सकाळी साडेसात म्हणजे त्या घरात प्रत्येकाला प्रत्येकाची अडचण. नवरा गालभर फेस लावून बेसिन अडवून उभा, सासूबाई चष्म्यासाठी एकेक उशी उपडी करतायत, आणि मीटरवहिनी उतू जाणाऱ्या दुधावर फुंकर मारत डब्याचं झाकण बसवतेय. अशात दारावर थाप पडली. बेल चालू होती, तरी थापच पडली. म्हणजे आलेलं माणूस भांडायच्या तयारीनेच जिना चढलं होतं.

दारात शाळेच्या कॉम्प्युटर लॅबच्या बाई होत्या. ‘बसा’ म्हणायचीही सोय ठेवली नाही त्यांनी. हातातला कागद वहिनीच्या नाकासमोर धरला.

“ही सही तुमची?”

“माझीच.”

“मग काल माझ्या वर्गात अंधार झाला, तोही तुमचाच.”

मीटरवहिनी हे नाव तिला दिराने ठेवलेलं. खालच्या मजल्यावर त्याचं कॉम्प्युटरचं दुकान. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली ही बाई लग्नानंतर तिथे मशीनच्या पंख्यांतली धूळ झटकायला म्हणून जाऊ लागली. एक दिवस स्वतःच्या पैशांनी वीज मोजायचं मीटर आणलं, भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचलं, आणि बारा वर्षं झाली, त्याच्यासमोरून काही उठली नाही. नवा प्रोसेसर आला की त्याला ती एकच काम लावायची: ठरलेल्या गठ्ठ्यातले फोटो आकाराने लहान करायचे. कॉम्प्युटरच्या पेटीचं झाकण बंद, खोलीतला पंखा बंद, काम सलग तासभर. दर मिनिटाला वहीत एक ओळ. कितवं मिनिट, किती फोटो झाले, किती वॉट खाल्ले.

“वहिनी, प्रोसेसर तपासताय की बाळाचा ताप बघताय?” दीर म्हणायचा. पण तिच्या सहीचा तक्ता पाहिल्याशिवाय गिऱ्हाईक पाकिटाला हात घालत नाही, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

“वीस मशीन तुमच्या दुकानातून आली,” लॅबच्या बाई म्हणाल्या. “आठ दिवस वापरून बघायच्या बोलीवर. यात लिहिलंय, एक मशीन पंचाण्णव वॉट. आमचा यूपीएस अडीच हजार वॉटचा. वीस मशीन म्हणजे एकोणीसशे, मजेत चालायला हवं. काल लिहून झाल्यावर वीसही मुलांनी एकदम फोटोंचं काम सुरू केलं आणि मिनिटभरात सगळं गप्प. मुलांचं तासाभराचं लिहिलेलं गेलं. दोघी रडल्या. त्यांच्या आईबापांना मी काय सांगू?”

वहिनीने कागद हातात घेतला. वेग: मिनिटाला चाळीस फोटो. वीज: पंचाण्णव वॉट. खाली तिची सही, नेहमीसारखी शेवटचं अक्षर लांबवलेली.

आकडे तिच्याच वहीतले होते. दोन्ही खरे होते. फक्त एका ओळीतले नव्हते.

तिने वही आणली, पान काढलं आणि बाईंसमोर धरलं. “हे बघा. हा मोठा प्रोसेसर तापट आहे. पहिली दोन मिनिटं जीव तोडून पळतो. चाळीस फोटो करतो, पण तेव्हा एकशे नव्वद वॉट ओढतो. तिसऱ्या मिनिटाला तापतो आणि आपला आपणच हात आखडता घेतो. मग पंचाण्णव वॉट, आणि फोटो चोवीसच. वेग पहिल्या मिनिटाचा घेतलाय आणि वीज चाळिसाव्या मिनिटाची.”

“म्हणजे वीस मशीन एकदम सुरू झाली की...”

“अडतीसशे. तुमचा यूपीएस बसणारच. हा खालच्या ओळीतला छोटा प्रोसेसर बघा. पहिल्या मिनिटापासून साठाव्यापर्यंत बावीस फोटो, पासष्ट वॉट. दोन मिनिटं सरली की दोघांत दोनच फोटोंचा फरक उरतो.”

“हे सगळं तुम्हाला माहीत होतं,” बाई थंडपणे म्हणाल्या. “आणि तरी सही केलीत.”

मागच्या आठवड्यात दीर वर आला होता. ‘वहिनी, घाई आहे, सही तेवढी करून ठेवा, तक्ता मी छापून घेतो.’ तिचे हात ओले होते. तिने ते पदराला पुसले आणि कोऱ्या कागदावर सही केली.

“कोऱ्या कागदावर केली,” ती म्हणाली.

“वा,” बाई म्हणाल्या. “मोजमाप करणारी बाई, आणि कोऱ्या कागदावर सही.”

आवाज ऐकून दीर वर आलाच. वहिनीच्या हातातली उघडी वही पाहून काय झालं ते त्याला विचारावं लागलं नाही. “आकडा खोटा आहे का, सांगा मॅडम. एक तरी खोटा आहे?”

“भावजी, लग्न एकाचं आणि फोटो दुसऱ्याचा, असं केलंत तुम्ही,” वहिनी म्हणाली.

“तुम्ही गप्प बसा. जाहिरातीत सगळेच चांगलं तेवढं लिहितात.”

“जाहिरातीवर माझी सही नसते.”

“घरातलंच माणूस दारात उभं राहून घराची लक्तरं वेशीवर टांगतंय,” सासूबाई आतून म्हणाल्या. चष्मा सापडला होता. “तो राबतो म्हणून हिला मीटर मीटर खेळायला मिळतं.”

नवऱ्याने तोंड धुतलं, टॉवेलात चेहरा खुपसला आणि गरजेपेक्षा बराच वेळ तिथेच ठेवला.

लॅबच्या बाईंनी मोबाइलवर वहीच्या पानाचा फोटो काढला. “वीसच्या वीस मशीन आज दुपारी उचला. छोटा प्रोसेसर घालून देणार असाल तर सोमवारी बोलू. आणि बाई, मुख्याध्यापकांना मी तुमचंही नाव कळवणार आहे. दुकानदार दुकानदारासारखा वागला. मी विश्वास तुमच्यावर टाकला होता.” त्या जिना उतरून गेल्या. वहिनीने त्यांना अडवलं नाही.

“वीस मशीन परत,” दीर म्हणाला. “झालं समाधान? एक शब्द बोलला असतात की लावा मशीन दोन-दोन करून, तर निभावलं असतं.”

“तसं तक्त्यात लिहिलं असतंत तर मीच सांगितलं असतं.”

“मुलं तासभर थोडीच फोटो लहान करत बसणार आहेत? कोण बघतं तुमचं चाळिसावं मिनिट?”

“मग चाळिसाव्या मिनिटाची वीज कशाला छापलीत?”

त्याचा आवाज चढला. “उद्यापासून खाली यायचं काम नाही. मीटर वर आणून देतो. तुमच्यावाचून दुकान बंद पडत नाही.”

“बरोबर बोलतोय तो,” सासूबाई म्हणाल्या.

दूध शेवटी उतू गेलंच होतं. वहिनीने गॅस बंद केला, ओटा पुसला, फडका पिळून वाळत घातला. दीर अजून दारातच होता. ती रडेल किंवा माफी मागेल, याची वाट पाहत असावा. तिने वही मिटली नाही. त्याच्याकडे वळली, आणि आवाज न चढवता म्हणाली,

“नाही येणार मी खाली. पण माझ्या नावाचे जुने तक्ते तुम्ही लोकांना देतच राहणार, हे मला माहीत आहे. द्या. फक्त त्यातला मिनिटांचा रकाना कापू नका.”