ट्रिगरला टोपलीत कोणी घातलं?

अन्याय झाला तो आमच्या घरच्या ट्रिगर माशावर. कधी, तर गौरी-गणपती गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी, भर दुपारी, आई सुरमईचे तुकडे तव्यावर उलटत होती तेव्हा. पप्पांनी भाजी धुवायची प्लास्टिकची जाळीदार टोपली आणली, त्यात त्याला घातलं, वर दुसरी टोपली उपडी मारून सुतळीने बांधली आणि ते गाठोडं टाकीच्या काठावरून पाण्यात लटकवलं. पुरावा नाही, चौकशी नाही, बाजू मांडायची संधी नाही. एका माशाला कोठडी सुनावून आम्ही हात धुतले आणि दुसरा मासा खायला बसलो. सुरमई छान झाली होती. नाइलाजाने नमूद करते.

आता हा ट्रिगर आमच्या घरात आला कसा, ते सांगते.

आमची नायगावची जुनी इमारत पाडून तिथे टॉवर झाला. त्या भांडणात पप्पा समितीचे अध्यक्ष होते आणि पत्रकं मी लिहायचे. कॉलेजातही तेच केलं होतं, त्यामुळे तीन उद्गारचिन्हं कुठे द्यायची हे मला झोपेतही कळतं. बिल्डरला आधी नव्या गिऱ्हाइकांना चाव्या द्यायच्या होत्या, आम्हाला मग सावकाश. आमची घोषणा होती, ‘जुन्याला आधी ताबा!!!’ आम्ही ताबा घेतलाही. पप्पांच्या आयुष्यातला तो एकमेव विजय. वर्ल्ड कपसुद्धा त्यांनी वीज गेल्यामुळे अर्धाच पाहिला होता.

नवीन घरात हॉल मोठा झाला, म्हणून टाकी मोठी घ्यायचं ठरलं. जुनी होती दोन फुटांची, खाऱ्या पाण्याची. तिच्यात एकच मासा होता, मरून क्लाऊन जातीची मादी. मरून म्हणजे रंग, मरण नव्हे. गडद लाल अंग आणि त्यावर पांढरे पट्टे. तिला बघून येणारं प्रत्येक पोर ‘कार्टूनवाली!’ असं किंचाळायचं. तिला तिथे इतकी वर्षं झाली होती की पप्पा तिच्याबद्दल ‘आमच्या जुन्या रहिवासी’ असं आदरार्थी बोलायचे. आईला त्यांनी कधी आदरार्थी बहुवचन लावलेलं मी ऐकलेलं नाही.

पाच फुटांची टाकी आली. मग मीठ आलं. पलीकडे मिठागरं, अलीकडे खाडी, आणि आमचं मीठ आलं कुरियरने, समुद्री माशांचं खास मीठ. पप्पा म्हणाले, “कळंबला गाडी घालू, चार कॅन भरू, समुद्र काय कोणाच्या बापाचा आहे?” कळंबच्या किनाऱ्यावर जाऊन पाण्यावर तरंगणारी वेफर्सची पाकिटं पाहिली आणि ते रिकामे कॅन घेऊन परत आले. मग ते मीठ आरओच्या पाण्यात कालवलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “माणसांनी टँकरचं प्यायचं आणि माशांनी फिल्टरचं. पुढच्या जन्मी मला तुमच्या टाकीतच घाला.”

मासे निवडायला नालासोपाऱ्याच्या दुकानात गेलो. पप्पांना भांडखोर मासे हवे होते. शांत मासे बघून झोप येते म्हणे. दुकानदार तिखट किती टाकू असं विचारावं तसं म्हणाला, “जास्त मारामारीवाले की मध्यम?”

“मध्यम,” मी म्हणाले.

“जास्त,” पप्पा म्हणाले.

पुढचा तास स्थळं बघण्यात गेला. लायनफिश आईला आवडला होता, नवरात्रातल्या घागऱ्यासारखा. पण तोंडात मावेल ते गिळतो असं कळलं, आणि आमच्या जुन्या रहिवासी त्याच्या तोंडात सहज मावल्या असत्या. नकार. मग एक ठिपक्याठिपक्यांचा ईल दाखवला. आई म्हणाली, “ही वाम आहे. वाम मी पातेल्यात ठेवते, हॉलमध्ये नाही.” नकार. फुगणारा पफर समोर येऊन डोळे वटारून पाहायला लागला, तेव्हा आई म्हणाली की हा आपल्या टॉवरच्या सेक्रेटरींसारखा दिसतो, मला रोज जेवताना ते समोर नकोत. शेवटी दोघे ठरले. एक पिवळाजर्द फॉक्सफेस, ज्याच्या पाठीला विषारी काटे पण मनाने शाकाहारी. आणि एक ट्रिगर. लांब तोंड, डोळे पार कपाळात, जाड ओठ, आणि त्यातून दिसणारे दात असे, की एखाद्या नगरसेवकाने बॅनरवरच्या फोटोत झाकून घ्यावेत.

दोघांना महिन्याने न्यायचं ठरलं. आम्ही आगाऊ पैसे देत होतो तेव्हा दुकानदार फोनवर कोणाशी तरी हुज्जत घालत होता. त्यातच तो आमच्याकडे न बघता म्हणाला, “गरीब असेल त्याला आधी सोडा. तुमची मरून सगळ्यात शेवटी.”

पप्पा थांबले. “शेवटी? ती जुनी आहे.”

“म्हणूनच.”

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मी पप्पांकडे. वर्षभर ज्यासाठी घसा फोडला, ते एका दुकानदाराच्या सांगण्यावरून सोडायचं? जुन्याला आधी ताबा. घरी येऊन आम्ही समारंभाने मरूनला सगळ्यांच्या आधी नव्या टाकीत सोडलं. आईने नारळ फोडायला नकार दिला, नाहीतर तोही फुटला असता. टाकीच्या मधोमध दगडांची एक कमान रचली होती. बाईसाहेब सरळ तिच्याखाली जाऊन उभ्या राहिल्या. महिनाभर पाच फुटांच्या त्या समुद्रात त्या एकट्या होत्या.

मग फॉक्सफेस आला. त्याच्या मागोमाग आठवड्याने ट्रिगर.

ट्रिगर हा उद्योगी प्राणी आहे. तोंडात खडे उचलायचे, दुसरीकडे नेऊन टाकायचे, मग पुन्हा पहिल्या जागी. पालिकेच्या रस्त्याच्या कामासारखं, फक्त याचं काम रोज दिसायचं. झोपताना तो दगडाच्या फटीत आडवा पडायचा. पहिल्या दिवशी आम्ही त्याला मेला समजलो. आईने तर देवासमोरची उदबत्ती उचलून टाकीपुढे आणली होती. खाताना घुर्र असा आवाज काढायचा. थोडक्यात, ज्याला बघून शेजारी दार लावून घेतात असा, पण कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला.

गणपतीत फॉक्सफेसची शेपटी फाटलेली दिसली. दुसऱ्या दिवशी आणखी. दर्शनाला येणारे सगळे आधी टाकीपुढे, मग मूर्तीपुढे. आणि सगळ्यांनी एकच निकाल दिला, “तो बघा, दातवाला. त्याचंच काम.” पप्पांनी ट्रिगरला फॉक्सफेसच्या बाजूला तोंडात खडा धरून फिरताना पाहिलं आणि रंगेहाथ पकडल्याचं जाहीर केलं. मी विचारलं, खड्याने शेपटी फाटते का? आई म्हणाली, “तोंड बघ ना त्याचं.” हाच तो पुरावा. सुशिक्षित कुटुंबात, दूरदर्शनवर बातम्या लागलेल्या असताना.

आणि मग ती टोपली.

पाचूबंदरची मावशी आमच्या टॉवरखाली मासळी घेऊन बसते. टाकीसाठी बारीक कोलंबी मी तिच्याकडूनच आणते. तिने एकदा वर येऊन सगळा कारभार पाहिला होता, आणि तेव्हापासून आमच्याबद्दलचं तिचं मत कायमचं उतरलं होतं.

“मासली माशाला घालायला नेतंस?” ती कोलंबी मोजून देता देता म्हणाली. “तो दातवाला जिता हाय का?”

“टोपलीत आहे. शिक्षा झालीय.”

“शिक्षा?” ती इतकी हसली की शेजारच्या बोंबीलवालीने मान वळवली. “अगो, आमी त्याला जाल्यातून काढून फेकून देतो. कातडी ही अशी जाड. कालवनालाही कामाचा नाय. आन् तुमी त्याला तुरुंगात ठेवून कोलमी भरवता!”

म्हणजे इथेही ट्रिगरच्या बाजूने कोणी नव्हतं. बाईने त्याला मसाल्याच्याही लायकीचं ठरवलं नाही.

कोलंबी वर नेली. त्याने ती खाल्ली नाही. टोपलीच्या तळाशी आडवा पडून होता, पण हे त्याचं नेहमीचं झोपणं नव्हतं. अंगावरचे पट्टे फिके पडले होते. जाळीच्या भोकांतून खडा उचलायला तोंड बाहेर काढायचा आणि ते निघायचं नाही. पप्पांनी जाहीर केलं की येत्या रविवारी त्याला दुकानात परत करायचं. दुकानात परत आलेल्या भांडखोर माशांना कुठे ठेवतात ते मी पाहिलं होतं. लोणच्याच्या बरणीएवढा काचेचा खण. त्यात वळताही येत नाही. खाणं सोडलेला मासा तिथे किती टिकला असता, हे सांगायला ज्योतिषी नको.

गंमत म्हणजे फॉक्सफेसची शेपटी फाटतच राहिली.

“पप्पा, आरोपी आत आहे आणि गुन्हे चालू आहेत,” मी म्हणाले.

“आतून सूत्रं हलवत असेल.”

“मासा?”

“तू त्याची वकील आहेस का?”

होते. मी काचेवर मार्करने ‘ट्रिगरला सोडा!!!’ असं लिहिलं. पाहुणे यायचे होते म्हणून आईने ते पुसलं. मी पुन्हा लिहिलं. आईने पुन्हा पुसलं आणि म्हणाली की एवढ्यात खिडक्याही पुसून झाल्या असत्या.

रविवार उजाडला. पप्पांनी बादली तयार ठेवली, बाही दुमडली आणि टोपली सोडायला पाण्यात हात घातला. टोपली कमानीच्या बरोब्बर वर होती. कमानीखालून लाल काहीतरी सुटलं. पप्पा असे ओरडले की खालचा वॉचमन वर बघायला लागला. बोटाच्या पेरावर, दात रुतवून, आमच्या जुन्या रहिवासी लटकत होत्या. पप्पांनी हात झटकला तेव्हा सुटल्या. मग वळल्या, थेट फॉक्सफेसकडे गेल्या, त्याच्या उरल्यासुरल्या शेपटीचा एक लचका तोडला आणि कमानीखाली परत जाऊन उभ्या राहिल्या. कार्टूनवाली.

“काय झालं?” आई धावत आली. “कोण चावलं? तो?”

पप्पा बोटाकडे बघत होते. रक्ताचा ठिपका होता, बाकी इज्जतच जास्त गेली होती. “नाही,” ते म्हणाले. “ती.”

आई सगळं क्षणात समजली. “मग तिला घाला टोपलीत.”

पप्पा उठलेसुद्धा. मी दार अडवल्यासारखी टाकीपुढे उभी राहिले. कैदी बदलला म्हणजे न्याय झाला? ती जे करत होती ते आम्हीच तिला सांगितलं होतं. आख्खी टाकी महिनाभर तिच्या नावावर केली आणि मग तिच्या घरात दोन भाडेकरू घुसवले, तिला न विचारता. तिच्या जागी मी असते तर मी पत्रक काढलं असतं. तिला दात होते.

“मग करायचं काय?” पप्पा.

“कमान पाडा.”

पप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. अखेर ती कमान त्यांनी स्वतः रचली होती, यूट्यूब बघून. पण बोट ठणकत होतं. तिघांना वेगवेगळ्या बादल्यांत काढलं, आईचे कपडे भिजवायचे दोन्ही टब जप्त झाले, आणि सगळे दगड उचलून नव्याने मांडले. कमान नाही, मधोमध काही नाही. इकडे दोन फटी, तिकडे तीन. मग दुकानदाराने फोनवर भांडता भांडता सांगितलं होतं तसं केलं. आधी फॉक्सफेस. मग ट्रिगर. बाईसाहेब सगळ्यांत शेवटी.

त्या आल्या आणि सरळ मध्यभागी गेल्या. तिथे काहीच नव्हतं. त्यांनी दोन चकरा मारल्या, हीटरच्या मागे गेल्या आणि बराच वेळ रुसून बसल्या. फॉक्सफेस पालकाचं पान कुरतडायला लागला, शेपटी नसल्यासारखी हलवत. ट्रिगर तळाशी पडून होता. आई पदराला हात पुसत म्हणाली, “गेला वाटतं.” मग तो हळूच सरळ झाला, एक खडा उचलला, टाकीच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि टाकला. परत आला. दुसरा उचलला.

रामराज्य वगैरे आलेलं नाही. मरून अजूनही अंगावर धावते, पण आता कुठपर्यंत आपलं हे तिलाच नीट ठरवता येत नाही, त्यामुळे बहुतेक वेळा अर्ध्यातून परत फिरते. फॉक्सफेसची शेपटी थोडी वाकडीच वाढतेय. पप्पा पाहुण्यांना ट्रिगर दाखवून म्हणतात, “हा बिचारा फार गरीब आहे हो.” टोपलीबद्दल अवाक्षर नाही. आईने त्या टोपलीत पुन्हा मेथी धुवायला घेतली तेव्हा मी मेथी खाल्ली नाही.

तेव्हा, तुम्ही. मोठी टाकी घेताय ना? भांडखोर मासे हवेत ना? मग जुन्याला शेवटी सोडा, आणि सोडण्याआधी त्याचे दगड मोडा, कितीही सुंदर रचलेले असले तरी. आणि शेपटी फाटलेली दिसली की लगेच सगळ्यांत वाईट तोंडाचा मासा शोधायला जाऊ नका. खुर्ची ओढा, टाकीपुढे बसा, आणि चावतंय कोण ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तुमच्या टाकीत आत्ता एखादी टोपली लटकत असेल तर हे वाचणं इथेच थांबवा. उठा आणि सुतळी कापा.