एका थाळीला एक काडतूस

आमच्या घरातली बंदूक माझ्या नावावर झाली, तेव्हा मला एसटीत कंडक्टर होऊन बरीच वर्षं झाली होती. जव्हार डेपो. गाडी बहुतेक वेळा मोखाडा-खोडाळ्याची, कधीकधी नाशिकची. घरात मी आणि अब्बा, दोघंच. अब्बांचं बाजारात लेथचं दुकान. पंपाचे शाफ्ट, चक्कीचे भाग, जाम झालेली कुलपं, जे येईल ते काम. बंदूक आजोबांची होती, बाजूबाजूला दोन नळ्या असलेली जुनी बारा बोअर. जामसरकडं आमचा भाताचा एक तुकडा होता, तिथली रानडुकरं हाकलायला आजोबांनी परवाना काढला होता. जमीन कधीच गेली, बंदूक राहिली. मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडल्यावर अब्बांना धड दिसेना. ते म्हणाले, "अब थाने में जमा कर देते हैं. कोण सांभाळणार ही?"

"मी सांभाळीन," मी म्हणाले.

ते हसले, आणि मला त्या हसण्याचा राग आला. सुरुवात एवढ्यावरच झाली. मनात दुसरं काही मोठं नव्हतं.

परवाना माझ्या नावावर व्हायचा तर बंदूक चालवायचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. त्यासाठी मुंबईजवळच्या एका रेंजवर गेले. तिथले प्रशिक्षक फौजेतून निवृत्त झालेले, आवाज मोठा, स्वभाव त्याहून कडक. वर्ग संपल्यावर त्यांनी आम्हाला मैदानाच्या मागच्या बाजूला नेलं. जमिनीतल्या खड्ड्यात एक यंत्र बसवलं होतं. नेमबाज "पुल", म्हणजे ओढ, असं ओरडला की त्यातून वरून केशरी, आतून काळी, हाताच्या पंजाएवढी मातीची थाळी सुसाट निघायची आणि समोर दूर पळायची. कुठल्या बाजूला जाईल ते आधी कळायचं नाही. ती खाली पडायच्या आत फोडायची, एवढाच खेळ.

"बघायचंय मारून?" प्रशिक्षकांनी विचारलं.

पहिल्या दोन थाळ्या तशाच निघून गेल्या. तिसरी फुटली. फुटली म्हणजे तिचा धूरच झाला, काळा, गोल, क्षणभर हवेत तसाच राहिलेला. मी बंदूक उघडली, रिकामं काडतूस उडून मागं पडलं, दारूचा वास नाकात गेला, आणि मी काय बोलले ते मला आठवत नाही. प्रशिक्षक म्हणाले, "पाय चांगले रोवता तुम्ही. आधी काय करत होता?"

"घाटात उभं राहून तिकिटं फाडते," मी म्हणाले.

त्यानंतर साप्ताहिक सुट्टीला मी रेंजवर जायला लागले. पहाटेची गाडी, पेटीत सुटी करून ठेवलेली बंदूक, परवान्याची पिशवी गळ्यात. डेपोत सगळ्यांना माहीत झालं. गाडीतल्या बायकांनाही झालं. खोडाळ्याच्या बाजाराला निघालेली एक म्हातारी, डोक्यावरची नागलीची पाटी सीटखाली सरकवत मला म्हणाली, "बाय, तू बंदूक मारतंस म्हणं? काय मारतंस?"

"मातीच्या थाळ्या."

"आन मंग खातंस काय?"

अख्खी गाडी हसली. मीही हसले. तिचा प्रश्न चुकीचा नव्हता.

कारण काडतुसं महाग होत चालली होती. मी सुरू केलं तेव्हाही ती स्वस्त नव्हती, पण महिन्याच्या पगारात बसवता यायची. मग नाशिकचा दुकानदार दर वेळी नवा भाव सांगायला लागला. एकदा डॉलर वाढला म्हणून, एकदा जहाजाचं भाडं वाढलं म्हणून. मग एकदा तो परवान्यावर नोंद करताकरता म्हणाला, "ताई, तिकडं युरोपात लढाई चाललीय. बारूद सगळं तोफगोळ्यांत जातंय. तुमच्या थाळ्यांसाठी कोण ठेवणार?"

मी खोकं हातात घेऊन उभी राहिले. कुठली लढाई, कोणाची, आणि तिची झळ जव्हारच्या कंडक्टरच्या बटव्याला. पैसे दिले आणि नेहमीसारखी दोन खोकी घेतली. पण पुढच्या महिन्यात एकच घेता आलं.

रेंजवर चहाच्या टेबलाशी याच गोष्टी चालायच्या. बाकीच्यांकडे परदेशी बंदुका होत्या, नळीवर नळी असलेल्या. गाडीच्या डिकीत काडतुसांची खोकी रचलेली असायची. त्यांनाही भाव खुपत होता, नाही असं नाही. पण ते कुरकुरायचे आणि मारायचे, मी फक्त मोजून मारायचे. त्यांच्यातले एक बिल्डर, माणूस तसा वाईट नाही, एकदा मला समजावणीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. हा खेळ खर्चिकच आहे. तुम्ही एअर रायफल का नाही घेत? छऱ्याला काय पडतं? नाव तिथंही होतं."

"मला नाव नकोय," मी म्हणाले. "मला थाळी फोडायचीय."

"पण परवडायला हवं ना."

"परवडेल तेवढ्या फोडीन. पण याच."

मी शांतपणे बोलले, तरी चहा बशीत सांडला. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मनोरपर्यंत मी त्या माणसाशी मनातल्या मनात भांडत होते. विक्रमगड येईपर्यंत राग निवला आणि डोकं चालायला लागलं.

या खेळात एका थाळीवर दोन बार टाकता येतात. पहिला चुकला तर दुसरा. सगळे दोन्ही नळ्या भरूनच उभे राहतात, आणि पहिला जरा हुकला की हात आपोआप दुसरा घोडा ओढतो. मी ठरवलं, दुसरी नळी भरायचीच नाही. एका थाळीला एक काडतूस. फुटली तर फुटली, गेली तर गेली.

अब्बांना सांगितलं. मग दुकान बंद करायच्या आधी त्यांनी लेथवर पितळेचा एक दांडा चढवला. डोळ्यांनी कमी, बोटांनी जास्त बघत त्यांनी दोन खोटी काडतुसं कातून दिली, आत स्प्रिंग बसवलेली. ती भरून घोडा ओढला तर बंदुकीला इजा होत नाही. "घर में इससे मार," ते म्हणाले. "जितना मारना है मार. इसका भाव नहीं बढ़ता."

ड्युटीवरून आल्यावर मागच्या पडवीत मी खोट्या काडतुसांवर सराव करायचे. भिंत आणि छप्पर जिथं भेटतात त्या रेषेवरून नळी फिरवायची, गालाला दस्ता टेकवायचा, घोडा ओढायचा. खांदा दुखेपर्यंत. शेजारच्या चाचींनी आधी खिडकी लावून घेतली. मग खिडकी उघडी ठेवून त्या बघायला लागल्या. मध्ये निवडणुका लागल्या, आचारसंहिता आली, तालुक्यातल्या सगळ्या बंदुकांबरोबर माझीही ठाण्यात जमा झाली. तेव्हा मी केरसुणीच्या दांडीवर सराव केला. अब्बा म्हणाले, "पागल हो गई है." पण ते आता हसत नव्हते.

रेंजवर महिन्यातून एकदाच जायचं, एका नळीनं मारायचं. पहिले काही महिने वाईट गेले. दुसरा बार नाही हे माहीत असल्यावर थाळी निघाली की घाई होते. प्रशिक्षक ओरडायचे, "थाळी बघा! पैसे बघू नका!" ते बरोबर होतं. मी थाळीकडं बघताना खरंच भाव बघत होते. हळूहळू ते सुटलं. मग एक वेळ अशी आली की मी ओळीनं थाळ्या फोडत गेले आणि मागं उभ्या बिल्डरसाहेबांनी टाळी वाजवली.

त्याच साली आमच्याच रेंजवरच्या एका खुल्या स्पर्धेत नाव घातलं. त्यात ठरावीक गुण मिळाले तर पुढच्या मोठ्या स्पर्धेत उतरता येणार होतं. वर्षभर एकेक करून साठवलेली काडतुसं घेऊन गेले, तर नोंदणीच्या टेबलावर सांगितलं, "बाहेरची काडतुसं चालणार नाहीत. इथल्या काउंटरवरून घ्यायची. पूर्ण सेट."

"पूर्ण सेट म्हणजे?"

"एका थाळीला दोन."

"मी एकच भरते."

टेबलामागच्या तरतरीत गृहस्थांनी मान वर केली. "ते तुमचं तुम्ही बघा. खोकं फोडून देता येत नाही."

तिथला भाव नाशिकपेक्षाही चढा होता. मागं रांग होती. मी बाजूला होईन असं त्यांना वाटलं असणार. पण मी दिवसभर सुट्ट्या पैशांवरून भांडणाऱ्या माणसांना तोंड देते. घाटात, भरलेल्या गाडीत. रांग मागं असली म्हणून मी हटत नाही.

"नियम दाखवा," मी म्हणाले.

"कसला नियम?"

"बाहेरचं काडतूस चालत नाही असा लिहिलेला नियम. तो दाखवा, मी घरी जाते."

"मॅडम, सगळे घेतात इथं."

"सगळ्यांना विचारलं होतंत?"

मागून कोणीतरी म्हणालं, "बरोबर बोलतायत त्या." वळून बघितलं तर एक पिकल्या मिशांचे गृहस्थ, वनखात्यातून निवृत्त झालेले, हातात माझ्यासारखीच जुनी बंदूक. त्यांच्यामागं दोन कॉलेजच्या मुली होत्या, त्यांनीही पिशव्यांतून आपापली काडतुसं बाहेर काढून टेबलावर ठेवली. आवाज वाढले. स्पर्धेचे मुख्य पंच आले, त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, नियमांचं पुस्तक उघडलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. तसा नियम नव्हता. छऱ्यांचं वजन मर्यादेत हवं, एवढंच होतं. त्यांनी माझं एक काडतूस कापून छरे तराजूवर टाकले. वजन बरोबर भरलं. पण ते कापलेलं काडतूस बघताना जीव तुटला, खोटं कशाला बोलू.

"जा," पंच म्हणाले. "पण दुसरं भरायची मुभा आहे, हे लक्षात ठेवा."

"माहीत आहे, साहेब."

त्या दिवशी वारा आडवा होता. थाळ्या मध्येच वर उचलल्या जायच्या. शेजारच्या खुणेवर उभ्या असलेल्या बाईंचा दुसरा बार सतत ऐकू यायचा, पहिला चुकला की लगेच धाड. माझी चुकली की नुसती शांतता. पण ती शांतता आता मला घाबरवत नव्हती. मी बंदूक उघडायचे, एक काडतूस भरायचे, दुसऱ्या नळीच्या रिकाम्या भोकातून खालचं गवत दिसायचं, मग मी बंद करून ओरडायचे, "पुल!" शेवटच्या फेरीत मी जितकं चांगलं मारलं तितकं आजवर मारलं नव्हतं.

आणि एका थाळीनं राहिले. फक्त एका.

प्रशिक्षक गुणफलकापाशी उभे होते. त्यांनी बोट ठेवून दोनदा बेरीज केली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "दुसरी नळी भरली असती तर आज पुढं गेला असता तुम्ही."

"आणि पुढच्या महिन्यापासून इथं आले नसते," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि माझी पेटी उचलून फाटकापर्यंत आले. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

घरी पोचले तर अब्बा दारात खुर्ची टाकून बसलेले. मी सांगितलं, एका थाळीनं गेलं. ते म्हणाले, "कौनसी वाली?" मी हसायला लागले. चुकलेल्यांतली कुठलीही ती एक असू शकत होती की. मग जेवताना मी त्यांना प्रत्येक चुकलेली थाळी सांगितली, कुठून निघाली, कुठं गेली, मी कुठं होते. ते भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ऐकत राहिले.

त्यानंतर आणखी एकदा भाव वाढला. कमी झाल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. त्या स्पर्धेनंतर रेंजच्या काउंटरवर सुटी काडतुसं मिळायला लागली, खोकं फोडून, हवी तेवढी. वनखात्यातले ते काका आणि मी कधीकधी एक खोकं अर्धं अर्धं घेतो. ते अजून दोन्ही नळ्या भरतात, आणि मी त्यांना चिडवते. बिल्डरसाहेबांनी मागच्या वेळी त्यांची परदेशी बंदूक माझ्यापुढं धरली, "मारून बघा एकदा." मी मारून बघितली. बंदूक फार सुंदर होती, खांद्याला धक्का जाणवलासुद्धा नाही. त्यांनी दोन काडतुसं पुढं केली होती.

मी एकच उचललं. सवयच आहे आता. थाळी उजवीकडं पळाली आणि माळावर तिचा काळा धूर झाला.