चौथं लिंबू

"इंजिन बंद झालं, म्हणून मी वाकलो," असं गुरुक्कळ सांगत होते. "मी चावीला हातच लावला नाही," असं ड्रायव्हर सांगत होता. दोन्ही जबाब माझ्या फायलीत एकापाठोपाठ लावलेले होते. रामनाथन सरांनी फोनवरच निकाल देऊन टाकला. दोघांतला एक खोटं बोलतोय, कोण ते उघड आहे, दोन पानांत रिपोर्ट द्या, असं त्यांचं म्हणणं.

रामनाथन सर म्हणजे विमा कंपनीच्या मैलापूर ऑफिसचे मॅनेजर. मी मोटार सर्व्हेअर. गाडी ठोकली की काय मोडलं, कशाने मोडलं, हे बघायला विमा कंपनी ज्या माणसाला पाठवते तो सर्व्हेअर. नवऱ्याची रेल्वेत बदली झाली म्हणून मी साताऱ्याहून चेन्नईला आले आणि इथलीच झाले. या कामात तेव्हा बायका जवळजवळ नव्हत्या. गॅरेजवाले आधी माझ्या मागून कुणी साहेब येतोय का ते बघत आणि मग नाइलाजाने माझ्याशी बोलत. मला त्याचं काही वाटत नसे. गाड्यांचं वेड मला लहानपणापासूनचं. वडिलांच्या जुन्या जीपवर घाटात गाडी शिकले. बोनेट उघडण्याआधी नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगायची मला खोड होती, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं.

ही गाडी हायब्रिड होती. म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि त्याच्या मदतीला बॅटरीवर चालणारी मोटर. अशा गाड्या शहरात नुकत्याच येऊ लागल्या होत्या. केस हातात आली तेव्हा, खोटं कशाला सांगू, आधी मला आनंद झाला की आता ही चालवायला मिळणार. मग मी पुढची पानं वाचली.

मैलापूरच्या एका राव कुटुंबाने ती घेतली होती. चेन्नईत नवी गाडी घरी नेण्याआधी पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळासमोर उभी करतात. तिथले पुजारी, त्यांना गुरुक्कळ म्हणतात, हार घालतात, कापूर ओवाळतात आणि चारही चाकांपुढे एकेक लिंबू ठेवतात. गाडी लिंबांवरून पुढे गेली की दृष्ट गेली. पेरुंगुडीच्या शोरूमचा ड्रायव्हर एळुमलै गाडी घेऊन आला होता आणि तोच स्टिअरिंगवर बसला होता. तीन लिंबं ठेवून झाली. चौथं ठेवायला गुरुक्कळ पुढच्या डाव्या चाकाशी वाकले आणि गाडी सरकली. चाक त्यांच्या उजव्या हातावरून गेलं.

मी त्यांना भेटले तेव्हा ते हॉस्पिटलमधून घरी आले होते. तीन बोटं काढावी लागली होती. देवळामागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत ते भिंतीला टेकून बसले होते आणि बँडेजचा हात उशीवर ठेवला होता. आमचं बोलणं तमिळमध्ये झालं. त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "आजवर किती गाड्यांची पूजा केली असेल, अम्मा. इंजिन थांबल्याचं स्वतः ऐकल्याशिवाय मी कधी वाकत नाही. त्या दिवशीही थांबलं. मग मी लिंबं ठेवायला घेतली. त्या माणसाने मध्येच परत सुरू केलं."

निघताना त्यांच्या बायकोने मला दारात थांबवलं आणि दुसरी गोष्ट सांगितली. शास्त्राप्रमाणे अंगात न्यून असलेल्या पुजाऱ्याला गाभाऱ्यात जाऊन मूर्तीची पूजा करता येत नाही. वीस-बावीस वर्षांचे असल्यापासून ते रोज पहाटे त्या पिळ्ळैयारला स्नान घालत आले होते. आता ते उंबऱ्याच्या बाहेरचे झाले होते. मी मान हलवून जिना उतरले.

त्यांचं झालं ते आता कुणालाच भरून देता येणार नव्हतं. एळुमलैचं मात्र अजून ठरायचं होतं. शोरूमने त्याला कामावरून थांबवलं होतं आणि पोलिसांनी केस घातली होती. चाकाशी माणूस वाकलेला असताना त्याने चावी फिरवली, हे एकदा कागदावर पक्कं झालं की त्याचं लायसन्स आणि पोट दोन्ही जाणार होतं.

शोरूमचा मॅनेजर जॉर्ज. फर्डं इंग्रजी, कडक इस्त्री. त्याला मी पहिल्यांदा विचारलं ते या गाडीच्या एका खास गोष्टीबद्दल. ब्रेक दाबून गाडी उभी केली की या हायब्रिडचं इंजिन आपोआप बंद होतं. ब्रेकवरून पाय उचलला की ते आपोआप सुरू होतं. पेट्रोल वाचावं म्हणून ही सोय, आणि ब्रोशरमध्ये तिचं केवढं कौतुक. त्या दिवशी असंच झालं असेल का? जॉर्ज हसला. "मॅडम, चेन्नईच्या उन्हात ते होतच नाही. मी रोज कस्टमरना टेस्ट ड्राइव्ह देतो. इंजिन कधीही थांबत नाही. तुम्हीच बघा."

मी चालवून बघितली. ती गाडी पोलिसांच्या ताब्यात होती, म्हणून त्याच मॉडेलची डेमो गाडी घेतली. जॉर्ज शेजारी बसला. ओएमआरवरून, म्हणजे जुन्या महाबलीपुरम रस्त्याने, शहराबाहेर पडले, गर्दी संपली आणि मी गाडीला मोकळं सोडलं. काय गाडी होती! इंजिन आणि मोटर एकत्र ओढायला लागली की पाठीला हळूच, न तुटणारा रेटा मिळायचा. गिअरचा झटका नाही, घरघर नाही. पंधरा-वीस मिनिटं मी ते बँडेज विसरले होते. परत येताना ते आठवलं आणि मला माझीच लाज वाटली. प्रत्येक सिग्नलला मी ब्रेक दाबून थांबत होते. इंजिन चालूच. जॉर्ज दरवेळी माझ्याकडे बघून भुवया उडवत होता.

म्हणजे ड्रायव्हरच खोटा, असं मानून मी रिपोर्ट लिहायला बसणार होते. तेवढ्यात राव आजोबांचा फोन आला. गाडीचे मालक. हे तंजावरकडचे मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तिकडे राहिलेले. त्यांची मराठी जुन्या वळणाची आणि तमिळ हेलाची. माझं आडनाव ऐकून त्यांना माझ्याशी मराठीतच बोलायचं होतं. ती गाडी त्यांना आता घरात नको होती, कंपनी ती परत घेईल का, एवढंच ते पुन्हापुन्हा विचारत होते. बोलता बोलता मी सहज विचारलं, पूजेच्या वेळी गाडीत खूप गरम होत असेल ना, एसी लावला होता का?

"एसी कशास? खिडक्या सग्ळं उघडेच होते, कर्पूर दाखिवणार की. ड्रायव्हरानं वाटेतही एसी लाविला नाही. कंपनीचं रूल म्हणाला."

मी तशीच शोरूमला गेले. जॉर्जला विचारलं, डिलिव्हरीला जाताना तुमचे ड्रायव्हर एसी लावतात का?

"छे, छे. सक्त मनाई आहे. कस्टमरचं पेट्रोल आहे ते. हा माझाच नियम."

"आणि कस्टमरला टेस्ट ड्राइव्ह देताना?"

"तेव्हा फुल्ल. नाहीतर गाडी कोण घेईल?"

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. एसी जोरात चालू असला की त्याला इंजिनाची साथ लागते, म्हणून गाडी ते बंद होऊ देत नाही. एसी बंद, आणि इंजिन नीट तापलेलं, की ती खुशाल बंद करते. पेरुंगुडीहून मैलापूरपर्यंतच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन तापणारच. जॉर्जने ही गाडी एसी बंद ठेवून कधी चालवलीच नव्हती.

पुन्हा निघालो. या वेळी एसी बंद, काचा खाली. दोघेही घामाने निथळत होतो. थिरुवान्मियूरच्या सिग्नलला मी ब्रेक दाबला. गाडी थांबली आणि पाठोपाठ इंजिन गेलं. कसली थरथर नाही, कसला आवाज नाही. असं होणार हे मला माहीत होतं, ते बघायलाच मी आले होते. तरी माझा हात चावीकडे गेला. इतक्या वर्षांची सवय. इंजिन गेलं की गाडी बंद पडली, हे कानाने हाताला परस्पर कळवून टाकलं. मी ब्रेक किंचित सैल केला. इंजिन लगेच जागं झालं आणि अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता गाडी सरकली. ऑटोमॅटिक गाडी चालू गिअरमध्ये अशीच सरकते. जॉर्ज समोर बघत होता. तसाच म्हणाला, "मॅडम, हे सगळं लिहायलाच हवं का?"

एळुमलै शोरूमच्या गेटसमोर चहाच्या टपरीवर सापडला. आपल्याला परत आत बोलावतील या आशेने तो रोज तिथे येऊन बसत होता. चाळिशी ओलांडलेला, अंगावर अजून शोरूमचाच शर्ट. सगळं आयुष्य त्याने गिअरच्या गाड्या चालवलेल्या. या गाडीची ही करामत त्याला कुणी सांगितलेली नव्हती. ती सेल्सवाल्यांना शिकवली होती. ड्रायव्हरला फक्त चावी दिली होती. देवळासमोर इंजिन थांबलं तेव्हा त्याला वाटलं, गाडी बंद पडली.

"मग बोलला का नाहीत?"

"नवी गाडी, मॅडम. पिळ्ळैयारच्या दारात बंद पडली असं तोंडाने कसं बोलू? सगळं घर उभं होतं, म्हातारी माणसं होती. अपशकुन म्हणून गाडी परत केली असती. वाटलं, पूजा होऊ दे, मग हळूच सुरू करीन."

तो तसाच ब्रेकवर पाय ठेवून बसला. घरातल्या सुनेने कापराचं ताट खिडकीपाशी आणलं. ड्रायव्हरलाही द्यायचं, ही त्या घराची रीत. त्याने स्टिअरिंग सोडलं, वळून दोन्ही हात ज्योतीवर धरले आणि डोळ्यांना लावले. पाय कधी उचलला गेला ते त्याला कळलंच नाही. बंद गाडीच्या ब्रेकवर कोण पाय रोवून बसतं? एक शब्द बोलला असता तर हात वाचला असता. हे मी त्याला म्हटलं नाही. ते त्याला माझ्या आधी कळलेलं होतं, चेहऱ्यावरच दिसत होतं.

मी गुरुक्कळांकडे परत गेले आणि त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, म्हणजे त्याने चावी फिरवली नाही? नाही, म्हटलं. मग ते म्हणाले, "माझ्या जबाबामुळे तो अडकलाय." त्याच संध्याकाळी ते बँडेजचा हात घेऊन पोलीस स्टेशनला गेले. इन्स्पेक्टरने त्यांना सामी, म्हणजे स्वामी, म्हणत एवढंच विचारलं की इंजिन थांबलेलं तुम्ही ऐकलं की नाही. ऐकलं होतं. मग परत सुरू झालं की नाही? झालं होतं. मग जबाबात चूक काय आहे, सामी? त्यांनी चावीचं सांगायला घेतलं. काय असेल ते कोर्टात सांगा, असं म्हणून त्याने त्यांना घरी पाठवलं.

माझा रिपोर्ट आठ पानांचा झाला. रामनाथन सरांनी चष्मा वर करून तो चाळला.

"गाडीत बिघाड सापडला?"

"नाही सर. गाडी जशी बनवली तशीच वागली."

"पाय ड्रायव्हरचाच उचलला गेला?"

"हो, पण..."

"मग पुजाऱ्याचा क्लेम आपण देणार. चावी फिरवली असती तरी दिला असता. आपल्याला फरक काय पडतो?"

खरंच काही फरक पडत नव्हता. कंपनीला नाही, शोरूमला नाही, गाडी बनवणाऱ्यांना तर नाहीच. कारण काय होतं याची गरज फक्त एका माणसाला होती, आणि तो आमचा क्लायंट नव्हता. सरांनी मधली, कारण सांगणारी पाच पानं काढून माझ्या हातात दिली. मी भांडले. आवाजही चढवला. ते शांतपणे म्हणाले, कोर्टाने बोलावलं तर ती पानं घेऊन जरूर जा.

मी न बोलावताच गेले. तारखेला कोर्टात मागच्या बाकावर ती पानं मांडीवर घेऊन बसले. गुरुक्कळही आले होते. एळुमलैच्या वकिलाने त्याला आधीच पटवलं होतं की केस लढलास तर वर्षं जातील, गुन्हा कबूल केलास तर दंडावर आजच सुटशील. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, गुन्हा कबूल आहे? एळुमलै खाली बघून म्हणाला, "आमां." म्हणजे हो.

गुरुक्कळ उठून उभे राहिले. कारकुनाने त्यांना हातानेच खाली बसायला खुणावलं. आरोपीने कबूल केलंय, आता साक्षीची गरज नाही. ते थोडा वेळ उभेच राहिले. पुढचा पुकारा झाला तेव्हा बसले.

बाहेर व्हरांड्यात ते एळुमलैला म्हणाले, "मी सांगायला आलो होतो."

"तुम्ही आधीही खरंच सांगितलं होतं, सामी," एळुमलै म्हणाला. "मीही."

त्याचं लायसन्स काही काळासाठी गेलं. गुन्हा कबूल केलेल्या ड्रायव्हरला शोरूमने अर्थातच परत घेतलं नाही, दुसऱ्यांनीही उभं केलं नाही, आणि तो गावाकडे निघून गेला. गुरुक्कळ बाहेरच्या मंडपात बसून डाव्या हाताने विभूतीच्या पुड्या बांधतात. जॉर्जने नवीन नियम काढला की पूजेच्या वेळी ड्रायव्हरने गाडीतून खाली उतरावं. नियम चांगला आहे. या धंद्यात मी एवढं शिकले, की यंत्रात दोष सापडला नाही आणि नियमातही सापडला नाही, तर जवळ उभा असलेला माणूस सापडतो, आणि तो हो म्हणाला की फाइल बंद होते.