मीठ तेवढंच, राशी चार

“मीठ तेवढंच हाय, ते मना बी दिसतं. पन राशींचं आंग बघ ना चिंतूदादा. एका राशीला दोन बाजू, चार राशींना आठ. मंग माजं गवत पुरंल कसं?”

जिवल्या दुसऱ्या राशीच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसला होता आणि खाली उभ्या असलेल्या चिंतूला विचारत होता. नवापूरजवळच्या त्या मिठागरावर चार राशी पडल्या होत्या. दोन गवतानं शाकारून झालेल्या, दोन अजून नागड्या, डोळ्यांत खुपणाऱ्या पांढऱ्या. गाडी भरून आणलेलं गवत संपलं होतं. आभाळ खाडीच्या अंगानं काळवंडत चाललेलं.

चिंतू मिठागराचा मुकादम. तो वर न बघता म्हणाला, “शबूद तू राशीचा नाय दिलास, मिठाचा दिलास. मीठ उगडं पडलंय.”

जिवल्या बोईसरच्या पूर्वेचा, डोंगराच्या पोटातला माणूस. थोडी नागली, थोडी वरी, आणि उरलेल्या दिवसांत शाकारणी. दिवाळी झाली की माळावरचं गवत कापायचं, वाळवायचं, पेंड्या बांधून माचावर रचायच्या. पाऊस जवळ आला की त्यातल्या काही घरावर चढायच्या आणि काही मिठागरावर. मिठाच्या राशीवर गवत नसेल तर पहिल्या दोन सरींत तिचं पाणी होतं. झाकणीच्या बदल्यात जिवल्याला वर्षाचं मीठ आणि बोंबील मिळत.

हा व्यवहार ठरायचा शिमग्याला. मुकादमानं गवतवाल्याच्या घरी यायचं, यंदा मीठ किती निघेल ते सांगायचं. पाटावर मूठभर मीठ ठेवायचं आणि गवतवाल्यानं त्यावर हात ठेवून म्हणायचं, एवढं मीठ झाकीन. रास कशी पडणार, हे कोणी विचारत नसे. ती कायम एकच, जुन्या ओट्यावर, वीस हात लांब. सूर्य कुठून उगवणार हे कोणी विचारतं का?

मीठ कळलं की त्याला लागणारं गवत काढायचं, ही जिवल्याची विद्या. हातभर लांब, हातभर रुंद, हातभर उंच अशी लाकडी पेटी मिठागरावर मापाला होती. यंदा अशा दोनशे चाळीस पेट्या मीठ, असं चिंतूनं सांगितलं होतं. जिवल्यानं अंगणात खडे मांडले. रास वीस हात लांब, म्हणजे हातभर लांबीच्या फोडीत बारा पेट्या. फोडीचं तोंड घराच्या आढ्याखालच्या भिंतीसारखं तीन कोनांचं, म्हणजे चौकोनाचा अर्धा. पुरा चौकोन चोवीसचा. ओलं मीठ फळीनं थापलं की सहा हात रुंदीवर चार हात उंच उभं राहतं, हे त्याला ठाऊक. सहा चोक चोवीस, जमलं. मग मध्ये उभी काठी रोवून तिच्यापासून तीन हात बाहेर, चार हात वर, आणि त्यांच्यामध्ये तिरकी दोरी ताणली की ती पाच हात भरते. दोन्ही उतार मिळून दहा, वीस हात लांबीला दोनशे. दोन टोकांची तोंडं बारा-बारा. तेवढं अंग झाकायचं, तेवढ्या पेंड्या.

ही विद्या चिंतूला त्यानंच शिकवली होती. जुन्या मुकादमाच्या हाताखाली चिंतू पेट्या मोजायचा, तेव्हा दोघं एका पानावर जेवायचे. जिवल्यानं त्याला वाळूत रास करून दाखवली होती. रास फोडून बारक्या केल्या तर मीठ तेवढंच राहतं पण अंग वाढतं, हेसुद्धा दाखवलं होतं. तेव्हा चिंतू हसला होता, असलं येडं कोन करील म्हणून.

यंदा केलं. तारापूरला बिजलीघराचं बांधकाम जोरात होतं, आणि शेठनं मिठागराचा जुना ओटा खडी टाकायला एका ठेकेदाराला देऊन टाकला. मीठ गेलं बांधांवर. बांध तीनच हात रुंद, म्हणून राशी दोनच हात उंच, लांबी तीच. एकीच्या जागी चार. उतार पाचाचा अडीच झाला, पण उतार आठ झाले, दोनशेचे चारशे.

“ओटा जानार, हे तुला कवा कळलं?” जिवल्यानं विचारलं.

चिंतूनं बांधावरची माती पायानं उकरली. “शिमग्याच्या आदी.”

पारू, जिवल्याची बायको, रिकाम्या गाडीपाशी उभी होती. तिला आधी काही उमगेना, मग एकदम उमगलं. शिमग्याला चिंतू त्यांच्या घरी जेवला होता. जेवून माचावरच्या गवताकडे बघत त्यानं विचारलं होतं, अर्धं मिठाचं, अर्धं घराचं का? तिनंच हौसेनं सांगितलं होतं, बरोबर अर्धं-अर्धं, घराचं जुनं सडलंय, यंदा पुरं काढायचंय. ते काढूनही झालं होतं. घराच्या वाश्यांमधून सध्या आभाळ दिसत होतं.

“म्हंजे आमच्या छपराचं गवत धरूनच तू बसला व्हतास,” ती म्हणाली.

चिंतू सांगायला लागला. शेठनं तंबी दिली होती, मीठ भिजलं तर मुकादमी गेली. आधी सांगितलं असतं तर जिवल्या नाही म्हणाला असता, दुसरा गवतवाला शोधून मिळाला नसता. सगळं खरंच असावं.

“नाय म्हनलो असतो,” जिवल्या म्हणाला. “म्हनून तू इचारलं नायस. शेठनं फसवलं असतं तर मना काय नसतं वाटलं. तो कवा माज्या चुलीपाशी बसला?”



त्या उघड्या राशींत मिठागरावर राबणाऱ्या बायकांचाही वाटा होता. जिवल्यानं आभाळाकडे पाहिलं आणि पारूला गाडी जुंपायला सांगितली. तिनं जुंपली. बैलाला मात्र विनाकारण एक फटका बसला.

घरचं गवत आलं ते दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर. चिंतू पुढं होऊन गाडीतली पेंडी उचलायला गेला.

“ठेव ती,” जिवल्या म्हणाला. “तुज्या हातानं नको. आन पुढच्या शिमग्याला माज्या दारात पाट मांडायला येऊ नको.”

चिंतूनं पेंडी ठेवली आणि तो खडीच्या ट्रकांकडे निघून गेला. घरावर सागाची पानं घालावी लागतील, ती आणायला रानात कधी जायचं, हे पारू गाडीतून विचारत होती. उद्या, असं सांगून जिवल्या तिसऱ्या राशीच्या पायथ्याशी बसला. शाकारणी खालून वर करत जातात. त्यानं हात मागं केला, पारूनं पेंडी दिली, त्यानं बंद सोडून गवत मिठावर पसरलं आणि वरून काथ्या ताणला.