लाट म्हणजे ऊन नव्हे

रेखाअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी रत्नागिरीच्या जेटीवर बर्फ फोडत होतो. आईने दोनदा सांगितलं, तरी मी विचारतच राहिलो, "कोण? आपली अक्का?"

आमच्या सोलापूरच्या गल्लीत, भिंतीला भिंत लागून तिचं घर. ती लई शिकली, समुद्राचा अंदाज सांगणाऱ्या कचेरीत लागली. मी सातवीतच शाळा सोडली आणि पोटासाठी मच्छीमार बोटीवर आलो. मला पोहता येत नाही, पाण्याची धास्ती अजून जात नाही… हे फक्त अक्काला ठाऊक होतं. म्हणून ती फोन करायची. उपग्रह काय करतो, असं एकदा विचारलं तर म्हणाली, "ताप आला की आई कपाळाला हात लावती की? तसंच. समुद्र कुटं तापलाय, किती उसळलाय, ते वरनं बघायचं. मग फुडचं गणित आमी मांडायचं."

एका मे महिन्यात तिचा फोन आला, "उद्या लाट हाय, जपून रं." आम्हा सोलापूरकरांना लाट एकच ठाऊक, उन्हाची! सकाळी डोक्याला टॉवेल गुंडाळून, खिशात कांदा टाकून मी बोटीवर चढलो आणि तिला कळवलं, "अक्का, कांदा घेतलाय, काळजी करू नगंस." तशी ती पलीकडून ओरडलीच, "मुडद्या, पाण्याची लाट! लांब दक्षिणेत वादळ झालंय, तितनं निघालीय. तुमच्याकडं वारं नसंल, आभाळ मोकळं असंल, तरी येणार. उतर आदी खाली!" बोट चालवणाऱ्या आमच्या तांडेलदादांच्या हातापाया पडून मी बोट थांबवली. दुपारी लख्ख उन्हात पाणी जेटीवर चढलं, बांधलेल्या होड्या एकमेकींवर आपटत राहिल्या.

शेवटचं भेटलो ते सोलापुरातच. आजाराने ती अर्धी झाली होती, कपाळावर ओली पट्टी. मला बघून तीच हसली. "सगळ्या समुद्राचा ताप कळतो बघ त्या उपग्रहाला. माझाच तेवढा कळंना." तुझ्यामुळे जिवंत आहे, असं म्हणायचं होतं… तोंडातून निघालं, "पाणी देऊ?"

आता अंदाज थेट मोबाईलवर येतो, मराठीतच. तांडेलदादांच्या फोनवरही येतो. ती गेली हेही त्यांना माहीत आहे. तरी काल सकाळी इंजिन सुरू करण्याआधी ते माझ्याकडे वळले. "काय रे, तुझी अक्का काय म्हणते?"

मी संदेश दोनदा वाचला. घसा खाकरला.

"जाऊ नका म्हणती."

त्यांनी किल्ली खिशात टाकली.