हिरव्या दिव्यावरची टोपी

नॉर्वेच्या पार उत्तरेला, कारासयोकच्या खोऱ्यात, आयलर्टइतका बढाईखोर माणूस दुसरा नव्हता. बढाई मात्र एकाच गोष्टीची. त्याची जुनी निळी पेट्रोलची गाडी थंडीत कधी अडली नव्हती. पारा उणे तिशीच्या खाली उतरला की सकाळी त्याचा फोन खणखणायचा, "आयलर्ट, माझं धूड हलत नाहीये रे." मग हा लाल-काळ्या वायरी खांद्यावर टाकून निघायचा, आपल्या बॅटरीच्या जोरावर दुसऱ्याची गाडी उठवायचा आणि वर चार शब्द सुनावायचा. "पाच मिनिटं इंजिन फिरवून बंद करता, मग बॅटरी भरणार कशी? तासभर पळव तिला!" लोक ऐकून घ्यायचे, कारण गरज त्यांची होती. कॉफी मिळायची, गावभरच्या गप्पा व्हायच्या. बायको गेल्यानंतरचे हिवाळेही त्यानं असेच माणसांत काढले.

पुढं विजेच्या गाड्या आल्या. "थंडीत खिशातला फोन मरतो, तिथं ही बया कशी जगेल?" असं तो दुकानात सगळ्यांदेखत म्हणाला होता. ती जगली. कडाक्याच्या थंडीत तिची वीज निम्म्या वाटेतच संपत यायची हे खरं, पण सकाळी बोट लावलं की निमूट चालू व्हायची, तीही आतून ऊबदार. दोन-तीन हिवाळ्यांत घरोघरी तीच उभी राहिली आणि आयलर्टचा फोन गप्प झाला. कुणी त्याच्याशी भांडलं नव्हतं. नुसती गरज संपली होती, आणि भांडणापेक्षा ते वाईट.

तरी तो तयारीत असायचा. रोज रात्री इंजिन गरम ठेवायची वायर भिंतीत खोचायची, सकाळी सातला गाडी सुरू करायची, आवाज ऐकायचा, बंद करायची. कुणी बोलावलंच तर म्हणून.

यंदाच्या जानेवारीत, उणे अडतीसच्या एका सकाळी, दार वाजलं. बाहेर मार्गुन उभी होती, म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन औषधपाणी बघणारी नर्स. पापण्यांवर बर्फ जमलेला.

"आयलर्ट ना तू? शेजारी इंजेक्शन द्यायला आले होते, तेवढ्यात गाडी मेली. मोठी बॅटरी भरलेली आहे, पण तिला जागं करणारी ती छोटी बॅटरी गारठली. मदतीची गाडी तीन तासांनी येणार म्हणे. शेजारीण म्हणाली, पूर्वी तू असली कामं करायचास."

"पूर्वी कशाला? आत्ताही करतो!" पायात काय आहे ते न बघता त्यानं वायरी उचलल्या. इतका आनंद त्याला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

निळ्या गाडीत बसून त्यानं किल्ली फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक.

त्याला लगेच उमगलं. वायरीनं इंजिन गरम राहिलं होतं, पण रोजच्या त्या पाच मिनिटांनी बॅटरी पिऊन टाकली होती. जी चूक तीस वर्षं दुसऱ्यांना ओरडून सांगितली, तीच त्यानं केली होती, तीही वाट बघण्यापायी. त्याला मान वर करून मार्गुनकडे बघवेना.

"घरात चार्जर आहे," तो कसाबसा म्हणाला. "तासभर लागेल."

निळ्या गाडीची बॅटरी निघून स्वयंपाकघरात ओट्यावर चढली. चार्जरचा लाल दिवा लागला. पुरेसा जोर आला की तो हिरवा होणार होता. समोरच्या खुर्चीवर वर्तमानपत्रांची चळत होती, ती त्यानं खाली ठेवली, तेव्हा कुठं मार्गुनला बसता आलं. त्यानं कॉफी उकळली, पाव आणि तपकिरी चीज कापलं.

"एवढं चीज कुणासाठी आणतोस रे एकटा?"

"उंदरांसाठी. तेवढेच येतात घरी."

ती खळखळून हसली. त्या स्वयंपाकघराला हसण्याची सवय राहिली नव्हती. मग कुणाचं लग्न मोडलं, कुणाची रेनडिअर रस्त्यात बसतात, असं काहीबाही निघत गेलं. दुसरा कप ओतताना आयलर्टला दिसलं, दिवा हिरवा झाला होता. मार्गुनची पाठ तिकडे होती. त्यानं डोक्यावरची लोकरीची टोपी काढली आणि सहज ठेवावी तशी चार्जरवर ठेवली.

पंचवीस मिनिटं गेली. मार्गुननं घड्याळ पाहिलं.

"आज हिल्दुर माझ्या नावानं बोटं मोडत असेल. बाहेरच्या फाट्यावर राहते ना, ती. मी गेल्याशिवाय न्याहारीला हात लावत नाही. खिडकीत बसून राहते नुसती."

आयलर्टनं कप खाली ठेवला. खिडकीत बसणं म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून सांगायला नको होतं. तो उठला आणि टोपी उचलली.

मार्गुननं दिव्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या टोपीकडे.

"कधी झाला हिरवा?"

"झाला मघाशी. चल, ती उपाशी आहे."

तिनं हातमोजे चढवले. पायानं ढकलायच्या बर्फगाडीवर बॅटरी ठेवून दोघं शेजारच्या अंगणात गेली. वायरी जोडताच मार्गुनच्या गाडीतला मेलेला पडदा उजळला. तिनं त्याचा हातमोज्यातला हात घट्ट दाबला आणि ती निघून गेली, आवाजही न करता.

बॅटरी परत बसवल्यावर निळी गाडी पहिल्या किल्लीला गुरगुरली. आता तिला तासभर पळवायला हवं होतं. जायचं कुठं, हे आयलर्टला सुचेना. तो नुसताच निघाला. फाट्यावर हिल्दुरच्या घरासमोर मार्गुनची गाडी उभी होती आणि खिडकीत दोन डोकी दिसत होती. त्यानं वेग कमी केला. थांबला मात्र नाही. तास भरायला अजून पन्नास मिनिटं होती.